दरोडेखोर माशी व तिच्या शिकारीची रीत

शेतांतील जीवजंतूंचा निवाडा आपण बहुधा पाहतांक्षणींच करून टाकतों. पीक खाणारा तो शत्रु आणि त्या शत्रूला खाणारा तो मित्र, असे दोन रकाने आखून जो जीव दिसेल तो त्यांत मांडावयाचा, ही आपली नेहमींची वहिवाट आहे. परंतु कांहीं जीव असे आहेत कीं, त्यांचें खातें या दोहोंपैकीं कोणत्याच एका रकान्यांत पुरतें बसत नाहीं. दरोडेखोर माशी ही त्यांपैकींच एक होय. ती नाकतोडे मारते, भुंगेरे मारते, आणि तितक्याच सफाईनें मधमाशीही मारते. मग हिला राखावी कीं हाणावी? या प्रश्नाचें उत्तर तिच्या शिकारीच्या रीतींत आहे. म्हणून ती रीत अगोदर नीट समजून घेतली पाहिजे. गेल्या कांहीं वर्षांत शास्त्रज्ञांनीं या माशीवर जे प्रयोग केले, त्यांमुळें ती आतां पुष्कळशी उलगडली आहे.

माशीची ओळख

इंग्रजींत हिला रॉबर फ्लाय म्हणतात. त्याच नांवाचा अर्थ घेऊन आपण हिला दरोडेखोर माशी म्हणूं. ही एकच एक माशी नव्हे. माश्यांचें हें एक मोठें कुळ आहे. शास्त्रीय भाषेंत या कुळास असिलिडी असें नांव असून जगांत त्याच्या सुमारें ७,५०० जातींची नोंद झालेली आहे. आपल्या देशांतही त्यांपैकीं पुष्कळ जाति आढळतात. कांहीं जाति तांदळाच्या दाण्याएवढ्या, तर कांहीं बोटाच्या दोन पेरांएवढ्या लांब असतात.

हिला ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. छातीचा भाग कुबड आल्यासारखा उंच. पोट बहुधा लांबट व मागें निमुळतें होत गेलेलें. पाय बळकट व राठ केसांनीं भरलेले. डोकें समोरून पाहिलें तर दोन मोठ्या डोळ्यांच्या मध्यें, माथ्यावर, एक खोलगट खांच दिसते, व त्या खांचेंत तीन बारीक साधे डोळे असतात. तोंडावर केसांचा झुबका असतो, जणूं मिशाच. या मिशा शोभेच्या नव्हत. भक्ष्य धडपडूं लागलें म्हणजे त्याच्या पायांपासून व नांगीपासून चेहऱ्याचें रक्षण करण्याच्या कामीं त्या येतात, असें जाणते लोक मानतात. कांहीं मोठ्या जाति केसाळ व काळ्यापिवळ्या असल्यामुळें भुंग्यासारख्या दिसतात. अशा वेळीं पंख पाहावे. भुंग्याला पंखांच्या दोन जोड्या असतात, हिला एकच. मागच्या जोडीच्या जागीं घुंडीसारखे दोन लहान अवयव असतात व उडतांना तोल सांभाळण्याचें काम ते करितात.

ही माशी फुलाफुलांवर हिंडत नाहीं. उन्हाच्या वेळीं वाळक्या काडीचें टोंक, कुंपणाची तार, बांधावरचा दगड किंवा उघडी जमीन, अशी चहूंकडे दृष्टि पोंचेल ती जागा धरून ती बसते. वरून एखादा कीटक उडत गेला कीं बाणासारखी सुटते, बहुधा हवेंतच त्याला पायांत आवळते, आणि पुनः त्याच जागीं किंवा जवळपास येऊन निवांतपणें खाते. एकाच काडीवर वारंवार परत येणारी, केसाळ पायांची माशी दिसली, तर ती हीच असें समजण्यास हरकत नाहीं.

लहान देह, तीक्ष्ण दृष्टि

हवेंत उडणारें चिलट दुरून दिसणें ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाहीं. कीटकाचा डोळा म्हणजे बारीक भिंगांची एक चाळणच. प्रत्येक भिंग आपल्यासमोरील लहानसा तुकडा पाहतें व त्या सर्व तुकड्यांचें मिळून चित्र बनतें. भिंग मोठें असेल तर बारीक वस्तु स्पष्ट दिसते; पण मोठीं भिंगें पुष्कळ बसवावयाचीं तर डोळाही मोठा पाहिजे, व डोकेंही मोठें पाहिजे. पाणथळ जागीं घिरट्या घालणारा चतुर हा असा थोर डोळ्यांचा शिकारी आहे. मग ज्या माशीचें सगळें शरीरच गव्हाच्या दाण्याएवढें, तिनें काय करावें?

याचें उत्तर ज्या जातींत सांपडलें ती आपल्याकडील नव्हे. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागांत होल्कोसेफाला फुस्का नांवाची एक अगदीं लहान दरोडेखोर माशी आहे. तिची लांबी अवघी ६ मिलिमीटर. इंग्लंडांतील केंब्रिज विद्यापीठाच्या डॉ. पालोमा गोन्झालेस-बेयिदो व त्यांचे सहकारी यांनीं या माशीचा अभ्यास करून २०१७ सालीं तो प्रसिद्ध केला. त्यांना असें दिसून आलें कीं, या माशीनें आपल्या डोळ्यांतील जागेची वांटणी मोठ्या काटकसरीनें केली आहे. डोळ्याच्या अगदीं मध्यभागीं, समोर पाहणारीं थोडीं भिंगें मोठीं आहेत. कडेचीं भिंगें लहान आहेत. मधल्या मोठ्या भिंगाची रुंदी मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांपैकीं ७८ भागांएवढी भरते. थोडक्यांत, जिराईत सगळीकडे ठेवून विहिरीजवळचा एकच तुकडा बागाईत करावा, तसा हा प्रकार आहे. ज्या दिशेला बारीक पाहावयाचें त्या दिशेला माशी डोकें वळविते व तो बागाईत तुकडा तिकडे लावते.

या भागाची दृष्टि ०.२८ अंशाएवढ्या कोनापर्यंत बारीक आहे. पौर्णिमेचा चंद्र आपल्या डोळ्यांशीं सुमारें अर्ध्या अंशाचा कोन करितो; त्याच्या निम्म्याहून किंचित् अधिक एवढा हा कोन झाला. दीड मिलिमीटरचें चिलट सुमारें ३० सेंटिमीटरवर असतां एवढाच कोन करितें. मनुष्याची दृष्टि याहून पुष्कळ तीक्ष्ण आहे हें खरें. परंतु कीटकांत ही दृष्टि फार वरच्या प्रतीची समजली पाहिजे. आपल्याहून दसपट लांबीच्या चतुराच्या तोडीस ही एवढीशी माशी बसते.

मण्याचा प्रयोग

शिकार नुसती दिसून भागत नाहीं. ती गांठली पाहिजे. माशी ती कशी गांठते हें पाहण्यासाठीं या शास्त्रज्ञांनीं एक साधी युक्ति केली. मासे धरण्याच्या बारीक दोऱ्यांत त्यांनीं लहान मणी ओंवला, आणि माशी जेथें आपण होऊन बसते अशा उघड्या जागीं तो दोरा यंत्रानें तिच्यावरून ओढला. शेजारीं अति जलद चित्रें घेणारे दोन कॅमेरे ठेवले. माशी मण्याला शिकार समजून झेंप घेई, व तिच्या वाटेचा प्रत्येक बिंदु चित्रांत उतरे. मोजणीदार जसा दोन ठिकाणांहून खूण पाहून तिसऱ्या ठिकाणाची जागा ठरवितो, तसे हे दोन कॅमेरे माशीची हवेंतील जागा क्षणोक्षणीं ठरवीत होते. सारी शिकार अर्ध्या सेकंदाच्या आंत उरकते. त्यामुळें नुसत्या डोळ्यांना यांतील कांहींच कळलें नसतें.

त्या चित्रांवरून पहिली गोष्ट ही कळली कीं, माशी मणी जेथें आहे तेथें जात नाहीं. तो जेथें असणार तेथें जाते. हें ती कसें साधते तें एका दाखल्यानें सांगतों. दोन रस्ते पुढें तिठ्यावर मिळत आहेत. एका रस्त्यानें आपली बैलगाडी चालली आहे, दुसऱ्यानें दुसऱ्या कोणाची येत आहे. ती गाडी आपल्याला उजव्या बैलाच्या शिंगावरून दिसते. अशी ती दिसत असतां हळूहळू मागें सरकत गेली, तर तिठ्यावर आपण अगोदर पोंचूं. पुढें सरकत गेली, तर ती अगोदर पोंचेल. परंतु अंतर तर कमी होत आहे, आणि गाडी मात्र शिंगाच्या त्याच टोंकावर खिळल्यासारखी राहिली आहे, असें झालें तर दोन्ही गाड्यांची गांठ तिठ्यावर पडलीच म्हणून समजावें. दर्यावर्दी लोक हाच नियम टक्कर चुकविण्यासाठीं पाळतात. माशी तोच नियम टक्कर साधण्यासाठीं वापरते. भक्ष्य एकाच दिशेला दिसत राहील अशा बेतानें ती आपली वाट धरते. येथें वेग किती, अंतर किती, असें गणित मांडीत बसावें लागत नाहीं. दिशा हलली कीं आपण वळावयाचें, एवढेंच काम.

२०१८ सालीं याच मंडळींनीं हा हिशेब आणखी पुढें नेला. दिशा जितक्या झपाट्यानें हलते तितक्या प्रमाणांत माशी वळते, व पाहणें आणि वळणें यांच्यामध्यें सेकंदाच्या तिसाव्या-पस्तिसाव्या भागाएवढाच काळ जातो, असें त्यांना आढळलें. लढाईंत उडत्या विमानाचा माग काढणारीं क्षेपणास्त्रें याच प्रमाणाच्या नियमानें चालविलीं जातात. मोहरीएवढ्या मेंदूलाही न शोभणारें हें काम त्याहून कितीतरी लहान मेंदु बिनबोभाट करीत असतो. शिकारीच्या वाटेंत एखादी काडी आडवी आली तर माशी तिला वळसा घालून पुनः भक्ष्याच्या रोखानें लागते, असेंही याच शास्त्रज्ञांनीं २०२२ सालीं दाखवून दिलें आहे.

शेवटची उडी

दुसरी गोष्ट याहून नवलाची आहे. भक्ष्य सुमारें २९ सेंटिमीटरवर आलें कीं माशी आपली रीत बदलते. तोंपर्यंत सरळ रोखानें चाललेली तिची वाट एकाएकीं वांकते, वेग कमी होतो, आणि भक्ष्य ज्या दिशेनें चाललें आहे त्याच दिशेनें ती त्याच्या बरोबरीनें उडूं लागते. नंतर अलगद जवळ सरून ती त्याला धरते. चालत्या गाडींत चढावयाचें असतां शहाणा मनुष्य समोरून गाडीवर जाऊन आदळत नाहीं; चार पावलें गाडीच्या बरोबर धांवतो, तिचा वेग आपल्या पायांत आणतो, आणि मग साटीला हात घालतो. माशीही तेंच करिते. समोरासमोर भर वेगानें टक्कर दिली असती तर नेम तर चुकला असताच, आणि एवढ्याशा देहाला इजाही झाली असती. शेवटच्या क्षणीं भक्ष्यानें वेग बदलला तर बरोबरीनें उडणाऱ्या माशीला तो बदल सांवरून घेण्यास सवडही मिळते.

पकडल्यावर काय होतें

माशीचें तोंड चावण्याचें नसून भोंसकण्याचें आहे. भक्ष्य पायांत येतांच ती आपली कठीण सोंड त्याच्या मऊ जागीं खुपसते: मानेच्या सांध्यांत, पोटाच्या दोन वळ्यांमध्यें, किंवा डोळ्यांत. भुंगेऱ्याचें कवच फार कठीण. पण उडतांना तो तें उघडतो व पाठीचा मऊ भाग उघडा पडतो, तेथें ही डाव साधते. सोंडेवाटे जी लाळ आंत जाते ती विषारी असते. तिनें भक्ष्य तत्काळ लुळें पडतें व त्याच्या शरीरांतील मांस पातळ होऊं लागतें. मग तो रस माशी शोषून घेते व रिकामें टरफल खालीं टाकते. २०१८ सालीं जर्मन व इतर शास्त्रज्ञांनीं या विषाची फोड केली, तेव्हां त्यांत कीटकांच्या मज्जातंतूंवर चालणारीं व दुसऱ्या कोणत्याही जीवाच्या विषांत न आढळलेलीं द्रव्यें सांपडलीं. मनुष्याच्या वाटेला ही माशी जात नाहीं. मात्र मुठींत धरली तर दंश करिते व तो बराच झोंबतो.

तिची निवड कशावरून ठरते?

आतां मुद्द्याची गोष्ट. वरील प्रयोगांत माशी कशावर झेंपावली? मण्यावर. मण्यांत रस नाहीं, मांस नाहीं, पंख नाहींत. तरीही ती झेंपावली, याचें कारण तो योग्य आकाराचा होता व योग्य वेगानें चालला होता. घरमाशीच्या कुळांतील कोएनोसिया नांवाची एक लहान शिकारी माशी आहे. ती पांढरी माशी व चिलटें मारते. तिच्यावरील २०१५ सालच्या प्रयोगांतही हेंच दिसलें कीं, समोरच्या वस्तूचा आकार व वेग यांच्या प्रमाणावरून ती झेंप घ्यावी कीं न घ्यावी हें ठरविते. तात्पर्य, उडणारा जीव कोणाच्या पिकाचा वैरी आहे आणि कोणाच्या फुलांचा सोयरा आहे, हें या माश्यांच्या चौकशींत येतच नाहीं. आपल्या दोन रकान्यांची त्यांना खबरच नसते.

म्हणूनच मधमाश्या पाळणाऱ्याची तक्रार खोटी नव्हे. मोठ्या जातीच्या दरोडेखोर माश्या मधमाशी उडत असतांना पकडतात. अर्जेंटिना देशाच्या सपाट गवताळ प्रदेशांत मालोफोरा रुफिकाउडा नांवाची जाति आहे. ती मधाच्या पेट्यांच्या आसपास ठाण मांडून कामकरी माश्या मारते, व तेथील मधुपालांना तिचा चांगलाच उपद्रव होतो. ज्यानें कांद्याचें बीं धरण्यासाठीं शेतांत पेट्या आणून ठेविल्या आहेत, त्याला एकेक मधमाशी मोलाची वाटणें साहजिकच आहे.

जमिनीखालचें खातें

परंतु याच अर्जेंटिनांतील माशीच्या खात्याची दुसरी बाजू पाहा. मादी उंच गवताच्या काडीवर किंवा कुंपणावर अंडीं घालते. अंड्यांतून निघालेल्या बारीक अळ्या वाऱ्यानें उडून जमिनीवर पडतात व मातींत शिरतात. पुढें त्या वासावरून भुंगेऱ्याची एक विशिष्ट अळी शोधतात व तिच्या अंगावर राहून तिला खाऊन टाकतात. ती भक्ष्य अळी आपल्याकडील हुमणीच्याच कुळांतील आहे. म्हणजे जमिनीवर जी माशी मधुपालाचें नुकसान करिते, तिचीच पोरें जमिनीखालीं शेतकऱ्याचा फायदा करीत असतात.

ती जाति आपल्याकडील नसल्यामुळें आपल्या हुमणीवर तिचा उपयोग होईल अशी आशा धरूं नये. तथापि या कुळांतील पुष्कळ जातींच्या अळ्या मातींत किंवा कुजक्या लांकडांत राहून इतर कीटकांच्या अळ्या व अंडीं खातात, ही गोष्ट सर्वत्र दिसून आलेली आहे. माशीचें उडतें आयुष्य थोड्या आठवड्यांचें. अळीचें आयुष्य मात्र एक ते तीन वर्षांपर्यंतही चालतें. आपल्या नजरेस जी माशी पडते ती या आयुष्याचें शेवटचें पान होय. बाकी सारी वही जमिनीखालीं असते, व ती पाहिल्याशिवाय आपण शेरा मारून मोकळे होतों.

शेतकऱ्यानें काय करावें?

पहिली गोष्ट, या माशीला देव करूं नये. ट्रायकोग्रामाच्या कार्डांप्रमाणें ती विकत मिळत नाहीं, व सांगितलेली कीड तेवढी वेंचून मारीत नाहीं. मावा किंवा तुडतुडे यांनीं पीक भरून गेलें असतां चार माश्यांच्या भरंवशावर स्वस्थ बसणें म्हणजे नुकसानीस आमंत्रण देणें होय.

दुसरी गोष्ट, दिसली कीं हाणावी असेंही करूं नये. मधमाश्यांच्या एका वसाहतींत हजारों कामकरी माश्या असतात. बांधावर बसलेली एखादी दरोडेखोर माशी त्यांतील थोड्या नेते. पेट्यांजवळच त्यांचा जमाव होऊं लागला तर पेट्या दुसरीकडे हालवाव्या, किंवा दारासमोरच्या वाळक्या काड्या व उंच गवत काढून टाकावें, म्हणजे तिची टेहळणीची जागा मोडते. सबंध रानांतील माश्या मारण्याची जरूर नाहीं, आणि तें साधणारही नाहीं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्या फवारणीनें कीड मरते तिनेंच ही माशीही मरते, आणि जें विष जमिनींत हुमणीसाठीं घालावें तें तिच्या अळीलाही सोडीत नाहीं. कीड लौकर वाढते. हिची पिढी तयार होण्यास वर्ष किंवा अधिक काळ लागतो. म्हणून एकदां दोघींचाही संहार झाला कीं कीड अगोदर परत येते व राखणदार मागाहून येतो, किंवा येतच नाहीं. यास्तव किडीचें प्रमाण आर्थिक नुकसानीच्या पातळीवर पोंचल्याशिवाय, केवळ शेजाऱ्यानें फवारलें म्हणून, फवारूं नये. फवारणें भागच असेल तर मधमाश्या कामावर नसतील अशी सायंकाळची वेळ धरावी. बांधावरचें सगळें गवत जाळून टाकण्याची संवयही सोडावी. या व इतर शिकारी कीटकांना बसण्यास व अंडीं घालण्यास तीच जागा असते.

माझें आयुष्य जमाबंदीच्या वह्यांत गेलें. तेथें एक धडा पक्का मिळतो: वसूल तेवढा पाहून बाकी न पाहणारा, किंवा बाकी तेवढी पाहून वसूल न पाहणारा, दोघेही हिशेबांत फसतात. दरोडेखोर माशी आपल्या नांवाप्रमाणें दरोडे घालते यांत संशय नाहीं. पण ते दरोडे कोणाकोणावर पडतात याची पुरी नोंद घेतल्याशिवाय तिला शिक्षा सांगणें न्यायाचें नव्हे. पुढच्या वेळीं वाळक्या काडीच्या टोंकावर ती बसलेली दिसली तर हात उगारण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, व तिच्या पायांत काय आहे तें पाहावें. चार दिवस असें पाहून जो टिपून ठेवील, त्याला आपल्या शेतापुरता या प्रश्नाचा निवाडा कोणत्याही पुस्तकापेक्षां अधिक खात्रीनें करतां येईल.